स्लिप झाल्यावर पुन्हा माणसांत कसं यायचं

माझी स्लिप, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा सुरू होणं, हळदीच्या रात्री झाली. सिन्नरजवळचं गाव, मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. अंगणात डीजे, घराच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड पोरांची बैठक. तीन वर्षं दोन महिने मी दारूला शिवलो नव्हतो. कुणीतरी म्हणालं, ‘भाऊजी, बिअर आहे, दारू थोडीच आहे.’ मी घेतली. त्यानंतर अकरा आठवडे पीत होतो.

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत टर्नर आहे. वय सत्तेचाळीस. नाव इथे देत नाही, कारण आमच्यात, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) गटात, तशी रीत आहे आणि मला ती पटते. पुन्हा दिवस मोजायला लागल्याला एक वर्ष चार महिने झाले. या काळात स्लिप होऊन परत आलेली आणि परत न आलेली, दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली. न आलेल्यांपैकी दोघांच्या अंत्ययात्रेला गेलो. म्हणून हे लिहितोय. पहिल्यांदा दारू सोडताना काय करायचं हे पुष्कळ लोक सांगतात. सोडलेली दारू पुन्हा सुरू झाल्यावर कुणाकडे जायचं, कोणत्या तोंडाने जायचं, हे कुणी सांगत नाही.

आधी शरीराचं बघा. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला की हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. मला दुसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसत होती आणि मी चादरीने ती पुसत होतो. बायकोने शेजारच्यांना उठवून मला दवाखान्यात नेलं, म्हणून आज इथे आहे. तेव्हा घरात कोंडून घेऊन ‘मी माझा सोडतो’ असं करू नका. किती पीत होतो ते डॉक्टरांना खरं सांगा, अर्धं करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला, तर १०८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे. तो फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

हे निभावलं की खरं अवघड काम सुरू होतं. पहिल्यांदा मीटिंगला गेलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्यांदा जाताना सगळे ओळखत होते. माझ्या तिसऱ्या वाढदिवसाला, म्हणजे दारू सोडल्याला तीन वर्षं झाली तेव्हा, याच लोकांनी केक आणला होता. मी उभा राहून नव्या पोरांना चार गोष्टी सांगितल्या होत्या. आता त्याच खोलीत जाऊन ‘आज चौथा दिवस’ म्हणायचं. दवाखान्यातून आल्यावरही मी ते टाळत राहिलो. जरा सावरतो, चेहरा नीट दिसू दे, मग जातो, असं म्हणत होतो. दारू थांबवल्याच्या दहाव्या दिवशी शिफ्टवरून सुटलो आणि स्कूटर आपसूक दारूच्या दुकानाच्या दिशेने वळली. तिथून गटातल्या एकाला फोन केला.

माझा पहिला सल्ला हाच आहे. सावरून जाऊ नका, सावरायला जा. दाढी वाढलेली, हात हलतायत, डोळे लाल, तसेच जा. फक्त त्या वेळी पिऊन असाल, तर मीटिंगमध्ये बोलू नका, बसून ऐका. आमच्याकडे पिऊन आलेल्या माणसाला हाकलत नाहीत, शेवटच्या बाकावर बसवून पाणी देतात.

जायचं कुठे, हे आता सांगतो. मी ए.ए.त, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये जातो, म्हणून तिथलं मला नीट माहीत आहे. भारतात ही संघटना १९५७ पासून आहे. सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड मागत नाहीत. मीटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. भाडं, चहा आणि पुस्तकं त्यातूनच भागतात, बाहेरच्या कुणाकडून पैसे घेत नाहीत. नव्या माणसाने किंवा परत आलेल्याने नाही टाकले तरी कुणी बघत नाही. गावातल्या मीटिंगची जागा आणि वेळ ए.ए.च्या वेबसाइटवर मिळते. नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा, तिथल्या समाजसेवकांना बहुधा ठाऊक असतं.

तुम्ही आधी एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला असाल, तर तिथल्या पाठपुराव्याला जा. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथून बाहेर पडलेल्या माणसांनी गावोगावी एकमेकांना धरून ठेवलेलं मी जवळून पाहिलंय. रुग्णांच्या बायकांसाठी त्यांचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. केंद्रातल्या समुपदेशकाला तोंड कसं दाखवू, हा विचार सोडा. स्लिप झाल्याचा फोन त्यांना नवा नसतो.

उलट, एक इशारा मनापासून देतो. स्लिप झाली की घरचे घाबरतात आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून माणसाला गाडीत घालून भलत्याच केंद्रात टाकतात. माझ्याबरोबरच्या एकाला असं नेलं होतं. तिथे त्याला पट्ट्याने मारलं, तीन महिने घरच्यांशी बोलू दिलं नाही. बाहेर आला तो थेट गुत्त्यावर गेला. जिथे डॉक्टर येत नाही, जिथे घरच्यांना आत बघू देत नाहीत, जिथे ‘सरळ करतो’ अशी भाषा आहे, तिथे आपल्या माणसाला ठेवू नका. तसंच, न सांगता जेवणातून दारू सोडवायच्या गोळ्या घालू नका. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते.

आता खोलीत शिरल्यावर काय करायचं. आमची गुरुवारची मीटिंग एका मराठी शाळेत भरते, तिसरीच्या वर्गात. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसतात. मी परत गेलो त्या दिवशी फळ्यावर सातचा पाढा अर्धाच पुसलेला होता. सात नवे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर एवढंच उरलं होतं. सगळा वेळ मी तिथेच बघत होतो, कारण माणसांकडे बघायची हिंमत नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी पाठ करून आणलेली तीन वाक्यं बोललो: ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे. माझी स्लिप झाली. आज अकरावा दिवस.’ आणि बसलो.

तुम्हीही एवढंच बोला. का झाली, कुणामुळे झाली, किती प्यायलो, हे सगळं त्या दिवशी सांगायची गरज नाही. लंबेचौडे खुलासे करायला लागलो की आपण नकळत वकिली करतो, मेव्हण्यावर नाहीतर बायकोवर ढकलतो. तीन वाक्यं बोलून खाली बसलं की उरलेला तासभर ऐकता येतं. मी ऐकलं. माझ्यानंतर सलग तिघांनी स्वतःची स्लिप सांगितली. त्यातले एक एकवीस वर्षं सोबर असलेले काका होते, ज्यांची स्लिप झाली होती हे मला तीन वर्षांत माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मला त्याच दिवशी चहा पिताना एकाने सांगितली आणि ती मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितली आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. धंद्याचं काम फसलं होतं, हॉटेलच्या लॉबीत उभा होता, शेजारच्या बारमधून आवाज येत होता. तेव्हा त्याने यादीतल्या पाद्रींना एकेक करून फोन लावले, कारण त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून डॉक्टर बॉब भेटले. दोघे बोलत राहिले, डॉक्टरांनी दारू सोडली. आणि काहीच आठवड्यांत ते डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परत आले, पुन्हा थांबले. त्यांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा मानतात. ए.ए.चा स्थापना दिवस म्हणून जगभर तोच धरतात. म्हणजे आम्ही जो दिवस साजरा करतो तो एका स्लिप झालेल्या माणसाच्या परत येण्याचा दिवस आहे. मला हे कळलं तेव्हा मी शाळेच्या नळाखाली तोंड धुऊन घेतलं, रडलेलं दिसू नये म्हणून.

मीटिंग संपली की लगेच निघू नका. खरं काम नंतरच्या पंधरा मिनिटांत होतं. चप्पल घालताना, चहा पिताना, गेटवर. त्या दिवशी कमीत कमी दोघांचे फोन नंबर मागून घ्या. आपला नंबर देऊन ‘कधीही फोन करा’ म्हणणं उपयोगाचं नाही, आपल्याला गरज असते तेव्हा समोरच्याला ती कळणार कशी? मी पाच नंबर घेतले. मोबाइलमध्ये साठवले, आणि एका कागदावर लिहून पाकिटात नोटांच्या मागेही ठेवले, कारण पिण्याच्या दिवसांत मोबाइल गहाण टाकल्याचा मला अनुभव आहे. मोबाइलमध्ये नाव काय घालायचं तेही बघा. ‘ए.ए. अमुक’ असं घातलं आणि कारखान्यात फोन टेबलावर वाजला, तर तुमचं आणि त्याचं, दोघांचं उघड होतं. मी त्यांना ‘काका रिक्षा’, ‘पाटील सर’, ‘शेड दादा’ असं ठेवलंय.

मग रोज एक फोन करा, काही झालेलं नसतानाही. मी सकाळी साडेदहाच्या चहाच्या सुट्टीत करतो. लेथ बंद करून, हात पुसून, शेडच्या मागच्या निंबाखाली उभा राहतो. ‘काय चाललंय, जेवलास का, झोप झाली का’, एवढंच बोलणं, दोन मिनिटांचं. पहिले पंधरा दिवस मला ओशाळं वाटायचं, या माणसाला कशाला त्रास द्यायचा. पण ज्या संध्याकाळी खरंच तल्लफ आली, त्या संध्याकाळी बोटाला तो नंबर दाबायची सवय झालेली होती. नुसता अडचणीच्या वेळी फोन करायचा ठरवलेला माणूस अडचणीत फोन करत नाही. हे मी स्वतःवर पाहिलंय. हळदीच्या रात्री माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात तीन वर्षांचे नंबर होते, आणि त्यातल्या एकालाही मी सात महिने फोन केलेला नव्हता.

त्या सात महिन्यांबद्दल थोडं सांगतो, कारण माझी स्लिप तिथे सुरू झाली होती. मला सेकंड शिफ्ट लागली, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. संध्याकाळी सातची मीटिंग बुडायला लागली. आधी वाटलं, पंधरवड्याने शिफ्ट बदलेल. बदलली नाही. मग आईचं आजारपण, मग तिचं जाणं. तिच्या दहाव्यालाही मी प्यायलो नाही आणि मला वाटलं, आता मी पक्का झालो, आता मीटिंग कशाला. चौथ्या-पाचव्या महिन्यात घरात चिडचिड सुरू झाली. बायको म्हणाली, ‘तुम्ही न पिता पूर्वीसारखे वागताय.’ मी तिच्यावर ओरडलो. ग्लास हातात यायला अजून दोन महिने होते.

शिफ्टवाल्यांनी, ट्रकवाल्यांनी, रात्रपाळीच्या वॉचमन-नर्सनी म्हणून ऑनलाइन मीटिंगचा आधार घ्यावा. झूमवर मराठीत मीटिंग होतात, सकाळीही होतात. कॅमेरा बंद ठेवला आणि नाव नुसतं अक्षर ठेवलं तरी चालतं. इअरफोन मात्र लावा, दुसऱ्याचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाता कामा नये. आखातात कामाला गेलेला आमचा एक माणूस तिथल्या खोलीतून याच मीटिंगवर टिकून आहे. पण समोरासमोरची मीटिंग आठवड्यातून एक तरी धराच. कॅमेरा बंद करून माणूस बाजूला बाटली ठेवू शकतो, बाकावर बसून ठेवू शकत नाही. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असं आमच्याकडे सांगतात. माझ्या एकाहत्तर झाल्या.

स्पॉन्सर, म्हणजे ज्याचा हात धरून बारा पायऱ्या (ए.ए.चा दारूमुक्तीचा बारा टप्प्यांचा कार्यक्रम) चढायच्या तो जुना सभासद, स्लिपनंतर नव्याने निवडावा की आधीचाच ठेवावा? मी बदलला. आधीचे सज्जन होते, पण मी त्यांच्यापुढे नेहमी चांगला विद्यार्थी बनून राहायचो, वाईट वाटलेलं कधी सांगितलंच नाही. नवे काका रिक्षा चालवतात, वय एकसष्ट, स्वतः दोनदा स्लिप होऊन आलेले. सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाच्या, स्टँडवर त्यांच्या रिक्षात मागे बसून मी माझं सगळं सांगितलं, मध्ये दोन गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, ‘ग्लास धरायच्या आधी फोन कर. नंतर केलास तरी मी उचलीन. पण तेव्हा मी ऐकणारा असेन, तू ऐकणारा नसशील.’ स्पॉन्सर निवडताना बघा की तो स्वतः अजून मीटिंगला येतो का, त्याचा स्वतःचा कुणी स्पॉन्सर आहे का. पुरुषाने पुरुष निवडावा, बाईने बाई. आणि जो पैसे मागतो, तुमच्या संसाराचे निर्णय करायला लागतो, किंवा डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. मला रात्रीची एक गोळी वर्षभर होती. मीटिंगमधल्या एकाने ‘गोळी म्हणजे पण नशाच’ असं सांगितलं. काकांनी त्याला तिथेच गप्प केलं.

आपल्यातली माणसं म्हणजे सगळी देवमाणसं, असंही समजू नका. कुणाला उधार देऊ नका, घेऊ नका. एखादा दोस्त पुन्हा प्यायला लागला आणि त्याला आणायला जायचं असेल, तर एकटे जाऊ नका, दोघे जा, आणि त्यातला एक जुना असू द्या. आमच्यातला नवा पोरगा एकटाच गेला होता, दोघेही पहाटे पिऊन पडलेले सापडले.

बायांसाठी हे सगळं दुप्पट अवघड आहे, मला त्याचा अनुभव नाही, पण आमच्या मीटिंगला येणाऱ्या एका ताईंनी मला हे लिहायला सांगितलं: पुरुषांनी भरलेल्या खोलीत पहिल्यांदा जायला नको वाटत असेल, तर फोनवर आधी सांगा की मला बाईशी बोलायचंय. बायांच्या वेगळ्या ऑनलाइन मीटिंग आहेत. त्या स्वतः सहा महिने फक्त फोनवर होत्या.

घरच्यांना तुमचा आधारगट बनवू नका. त्यांनी खूप सोसलंय, रोज संध्याकाळी तुमचं तोंड हुंगायचं काम त्यांच्यावर टाकू नका. त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, तिथे पिणाऱ्यांचे नातेवाईक आणि जवळचे मित्र बसतात. माझी बायको स्लिपनंतर पहिल्यांदा गेली. ती तिथे काय बोलते ते मी विचारत नाही. एवढं खरं की तिने माझा डबा उघडून वास घेणं बंद केलं, आणि मीटिंगचा दिवस असला की स्कूटरची चावी टीव्हीवर आणून ठेवते.

जे दिवस धोक्याचे आहेत ते कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा: गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर, पगाराची तारीख, जवळच्यांची हळद आणि वरात. त्या दिवशी तीन फोन करायचे, निघताना, तिथे पोचल्यावर आणि घरी आल्यावर. गाडी आपली न्यायची, म्हणजे कुणाच्या भरवशावर थांबावं लागत नाही. जेवून जायचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की मी आता घराबाहेर पडत नाही. यंदा पुतण्याच्या हळदीला रिक्षावाले काका माझ्याबरोबर पाहुणे म्हणून आले होते. कुणी विचारलं तर ‘आमचे स्नेही’ म्हणून सांगितलं. दोघांनी वरण-भात खाल्ला, नवऱ्या मुलाला हळद लावली आणि नऊ वाजता निघालो.

राहिला प्रश्न मोजणीचा. तीन वर्षं दोन महिने गेले का? ए.ए.त दिवस नव्याने मोजतात आणि मला ते योग्य वाटतं, खोटं मोजलं की तेच ओझं होतं. पण त्या तीन वर्षांत मुलीची दहावी झाली, तिला मी रोज क्लासला सोडलं, त्यातला एकही दिवस माझा कुणी परत घेतला नाही. दोन्ही आकडे मी सांगतो. नव्यासमोर फक्त आताचा.

मीटिंगला पुन्हा जायला लागलो तेव्हा काकांनी मला चहाचं काम दिलं. थर्मास घरून भरून न्यायचा, सव्वासहाला वर्ग उघडायचा, बाक सरळ करायचे, कप मांडायचे. चहा माझ्याकडे असल्यामुळे मला बुट्टी मारता येत नाही, पंधरा जण थांबलेले असतात. तुम्हीही असं एखादं काम मागून घ्या, सतरंजी घालायचं असो की कुलूप लावायचं. गेल्या गुरुवारी एक जण दारात उभा होता, आत येईना. आठ महिन्यांपूर्वी आमच्यातच बसायचा. मी काही विचारलं नाही. कप त्याच्या हातात दिला आणि त्याचा नंबर अजून तोच आहे का, एवढं विचारून घेतलं.